‘का केलेस?’ की ‘केव्हापासून होत आहे?’

शास्त्रपाठ : २ शमुवेल १३:२० ते १४:३३ व १८:५-३३, मार्क ९:१४-२९



बंगळूर शहराच्या पूर्वेस के. आर. पुरम हा भाग आहे. नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्रातून येथे येऊन राहिलेली आमची काही ख्रिस्ती कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनेसाठी एकत्र येतात. अशाच एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर तरुण मुलांच्या आग्रहावरून आम्ही सर्वांनी मिळून ‘कासव’ हा मराठी चित्रपट पाहिला. चित्रपट संपला, चहा झाला, मुले बाहेर गेली, तेव्हा एक गृहस्थ हळू आवाजात मला म्हणाले, “दादा, एक विचारू? मुलगा उलट बोलतो, दार लावून बसतो, पुस्तके फेकतो, उपासनेला येत नाही. हे पाप समजायचे की आजार? पाप असेल तर पाळकसाहेबांकडे नेतो, आजार असेल तर डॉक्टरांकडे.”

त्या संध्याकाळी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. ज्यांच्या घरात असे एक दार आतून बंद आहे, अशा सर्व आईबापांसाठी आणि त्यांच्या मंडळ्यांसाठी तेच उत्तर पवित्र शास्त्राच्या आधारे येथे मांडत आहे.

१. करणे आणि होणे

शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला क्रियापदांकडे फार बारकाईने पाहावे लागते. आपल्या मराठीची एक खुबी पाहा. मुलगा बंड ‘करतो’, हट्ट ‘करतो’, नासधूस ‘करतो’; पण त्याला ताप ‘येतो’, आजार ‘होतो’, वेड ‘लागते’. पहिल्या वाक्यांत मुलगा कर्ता आहे, म्हणून आपण त्याला जाब विचारतो. दुसऱ्या वाक्यांत काहीतरी त्याच्यावर येऊन कोसळले आहे, म्हणून आपण त्याच्या उशाशी बसतो. त्या गृहस्थांचा प्रश्न व्याकरणाच्या भाषेत इतकाच होता : माझा मुलगा हे करतो आहे, की त्याला हे होत आहे?

अडचण अशी, की बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. प्रौढ माणसाचे नैराश्य पुष्कळदा उदासपणाच्या रूपाने दिसते, तर किशोरवयीन मुलाचे नैराश्य कित्येकदा चिडचिडीच्या व उद्धटपणाच्या रूपाने बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे ज्या वयात मुले स्वाभाविकपणेच आईबापांशी वाद घालू लागतात, नेमक्या त्याच वयात हे आजारही डोके वर काढतात. म्हणून आरंभीच निकाल देण्याची घाई करू नये. घाईचा निकाल बहुधा ‘करतो आहे’ असाच लागतो.

२. चित्रपट काय दाखवतात?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाने मराठीत या विषयावर सातत्याने काम केले. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. २०२१ साली त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांचे तीन चित्रपट आपल्या अभ्यासाला उपयोगी पडतात.

पहिला ‘दहावी फ’ (२००२). कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना शाळेने एका तुकडीत टाकले आहे. अपमान साचत जातो आणि एके दिवशी ही मुले शाळेची प्रयोगशाळा फोडतात. शाळेला शिक्षा हवी असते. अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेले शिक्षक मात्र मुलांपर्यंत पोहोचतात, त्यांचे ऐकून घेतात. आणि मग तीच मुले कष्ट करून, पैसे मिळवून प्रयोगशाळा पुन्हा उभी करू लागतात. येथे ‘केले’ याचा हिशेब चुकवला जातो, पण ‘काय झाले होते’ हे कोणीतरी विचारल्यानंतर.

दुसरा ‘देवराई’ (२००४). यात स्किझोफ्रेनिया हा गंभीर आजार आहे, औषधोपचार आहे आणि भावाला सांभाळताना स्वतः पिळून निघणारी बहीण आहे. रुग्ण एकटा आजारी पडत नाही, घरही त्याच्याबरोबर झिजते, हे सत्य या चित्रपटाने सांगितले.

तिसरा आम्ही पाहिला तो ‘कासव’. २०१६ या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले. निर्मात्यांपैकी एक डॉ. मोहन आगाशे हे नामवंत नट तर आहेतच, पण व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञही आहेत. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण (आलोक राजवाडे) जानकी नावाच्या स्त्रीला (इरावती हर्षे) वाटेत सापडतो. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी नेते. तो रागावतो, दार लावून घेतो, कोणाशी बोलत नाही. ती त्याला प्रश्नांनी भंडावून सोडत नाही. त्याच्या खाण्यापिण्याची काळजी घेते आणि वाट पाहते. शेजारी किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण चालू असते.

ज्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळासचा किनारा पाहिला असेल, त्यांना ही राखण कशी असते हे ठाऊक आहे. सुमारे पन्नास दिवस वाळूतली अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून सांभाळायची. पिल्ले बाहेर आली की त्यांना उचलून पाण्यात टाकायचे नाही, तर वाळूवर सोडायचे. पाण्यापर्यंतचे अंतर ते पिल्लू स्वतः चालते. आपले काम वाट मोकळी ठेवण्याचे. मुलांच्या संगोपनाविषयी यात एक मोठा धडा आहे.

परदेशातही या विषयावर चांगले चित्रपट झाले. रॉबर्ट रेडफर्ड यांच्या ‘ऑर्डिनरी पीपल’ (१९८०) यात भाऊ बुडून मेल्यानंतर स्वतःचा जीव घेऊ पाहणारा एक शाळकरी मुलगा मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीत बसून हळूहळू बोलू लागतो. भावाच्या मृत्यूत आपण वाचलो याची टोचणी त्याला लागलेली असते. घरात सर्व काही नीटनेटके असते; मात्र त्या मृत्यूविषयी कोणी बोलत नसते.

चित्रपट हे वेदवाक्य नव्हे. दोन-अडीच तासांत बरे होणारे मन प्रत्यक्षात महिने, कधी वर्षे घेते. आणि समुद्राची हवा व प्रेमळ सोबत डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. पण या सर्व कथांत एक समान गोष्ट आहे. कोणीतरी ‘का केलेस?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारते. आता शास्त्राकडे वळू.

३. अबशालोमाने शेत का पेटवले?

बंडखोर पुत्र म्हटला की आपल्याला उधळ्या पुत्रानंतर अबशालोमच आठवतो. लांब केसांचा, देखणा, बापाच्या जिवावर उठलेला. शब्बाथशाळेत आपण त्याच्याकडून एकच धडा शिकलो, की आईबापांचा मान न राखणाऱ्याचा शेवट असा होतो. हा धडा खोटा नाही. पण तो कथेच्या शेवटापासून सुरू होतो. पवित्र लेखक सुरुवात तेराव्या अध्यायात करतो.

तेथे तामारेवर घोर अत्याचार होतो आणि तो करणारा तिचा सावत्र भाऊ अम्नोन असतो. दावीद राजाला हे कळते, त्याला फार संताप येतो (१३:२१), आणि त्यापुढे तो काहीही करत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरात या ठिकाणी एक जादा वाक्य आहे : अम्नोन ज्येष्ठ पुत्र म्हणून राजाचा लाडका होता, त्यामुळे राजाने त्याचे मन दुखवले नाही. मूळ पाठ कोणताही असो, राजा गप्प राहिला हे खरे. आणि पुढच्याच वचनात अबशालोमही गप्प होतो. तो अम्नोनाशी बरे की वाईट, काहीच बोलत नाही. बापाचा मुकेपणा मुलात उतरला.

आता वर्षे मोजा. दोन वर्षे तो मनात धुमसत राहिला (१३:२३) आणि शेवटी त्याच्या हुकुमाने अम्नोनाचा खून झाला. मग तीन वर्षे गशूरात परागंदा (१३:३८). नंतर यरुशलेमेत परत आणले, पण बापाचे तोंड पाहण्याची मनाई. अशी आणखी दोन वर्षे (१४:२८). एकूण सात वर्षे. त्यांतली शेवटची दोन एकाच नगरात, बापाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

या दोन वर्षांच्या अखेरीस अबशालोमाने यवाबाला बोलावणे धाडले. तो आला नाही. पुन्हा धाडले, तरी आला नाही. तेव्हा अबशालोमाने चाकरांकरवी यवाबाचे जवाचे शेत पेटवून दिले (१४:२९-३०). यवाब तत्काळ धावत आला! आणि त्याने काय विचारले? माझे शेत तुझ्या माणसांनी का पेटवले? (१४:३१). म्हणजेच, ‘का केलेस?’

आईबापांनो, या ठिकाणी थांबा. दोनदा साध्या शब्दांत बोलावले तेव्हा कोणी आले नाही. शेत जळले तेव्हा आले. आपल्या घरांतही कितीदा असेच घडते! मुलाची भूक मंदावली, झोप उडाली, मित्र तुटले. ही पहिली दोन बोलावणी होती. आपण कामात होतो, कित्येकदा देवाच्याच कामात. मग एके दिवशी काच फुटते, परीक्षेचा पेपर कोरा येतो, मनगटावर जखम दिसते, आणि आपण धावत जाऊन विचारतो, “हे का केलेस?”

शेत पेटवणे चूक होते, यात शंका नाही. शास्त्र अबशालोमाच्या कृत्यांवर पांघरूण घालत नाही. पण यवाबाच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे : मला राजाचे तोंड पाहायचे आहे, माझा अपराध असेल तर त्याने मला मारावे (१४:३२). मुलाला शिक्षेचे भय नव्हते. बापाच्या तोंडाची ओढ होती.

शेवटी भेट झाली. राजाने त्याचे चुंबन घेतले (१४:३३). पण त्या भेटीत दावीद एक शब्दही बोलल्याचे लिहिलेले नाही. अबशालोमाला उद्देशून ‘माझ्या मुला’ ही हाक त्याच्या हयातीत दाविदाच्या तोंडी एकदाच येते, आणि तीही त्याचे आमंत्रण नाकारताना (१३:२५). मुलगा मेल्यानंतर मात्र हेच शब्द एका वचनात पाच वेळा येतात (१८:३३).

आणखी एक शब्द पाहू. लढाईच्या दिवशी निरोप्या धावत येतो तेव्हा राजा विजयाची चौकशी करत नाही. तो विचारतो, तो तरुण कुशल आहे ना? दुसऱ्या निरोप्यालाही तेच (१८:२९, ३२). ‘कुशल’ यासाठी मूळ शब्द ‘शालोम’ आहे. अबशालोमाच्या नावातही तोच ‘शालोम’. आणि ‘तरुण’ यासाठी ‘नअर’ हा शब्द आहे. पेटाऱ्यातल्या तान्ह्या मोशेलाही शास्त्र ‘नअर’ म्हणते (निर्गम २:६) आणि सतरा वर्षांच्या योसेफालाही (उत्पत्ती ३७:२). अबशालोम त्या वेळी प्रौढ होता, बंडखोर सैन्याचा नायक होता. पण बापाच्या मनाने त्याच्यात अजून पोरच पाहिले. प्रश्न योग्य होता. फक्त विचारायला फार उशीर झाला होता.

४. प्रभूने विचारलेला प्रश्न

आता मार्काच्या नवव्या अध्यायातल्या बापाकडे पाहा. त्याने मुलाला शिष्यांकडे आणले. शिष्यांना यश आले नाही. प्रभू डोंगरावरून खाली आला तेव्हा शिष्य व शास्त्री लोकसमुदायासमोर वाद घालत होते (९:१४-१६). मुलगा बाजूला, बाप बाजूला, वाद मध्यभागी. आपल्याही मंडळ्यांत असे होत नाही काय? एक म्हणतो, भूतबाधा आहे. दुसरा म्हणतो, लाडावलेला आहे. तिसरा म्हणतो, आईबापांचा विश्वास कमी पडला. वाद रंगतो आणि लेकरू जमिनीवर तडफडत राहते.

प्रभू येशूने काय केले? मुलगा समोर पडला असता त्याने बापाला विचारले, याला हे केव्हापासून होत आहे? (९:२१). मूळ ग्रीकमध्येही क्रियापद ‘होणे’ याच अर्थाचे आहे. सर्वज्ञ प्रभूला हे विचारण्याची गरज नव्हती. बापाला ते सांगण्याची गरज होती. लहानपणापासून, असे तो म्हणतो, आणि मग अग्नीत, पाण्यात पडलेल्या लेकराची सारी कहाणी त्याच्या तोंडून बाहेर पडते. कहाणी सांगता सांगताच तो त्या प्रसिद्ध कबुलीपर्यंत येतो, की माझ्यात विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, प्रभू, साहाय्य कर. प्रभूने त्याच्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाबद्दल त्याला परत पाठवले नाही.

येथे एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे. मार्क स्पष्टपणे अशुद्ध आत्म्याविषयी बोलतो. त्या वचनाला आपण आधुनिक रुग्णपत्रिका बनवू नये. पण याच्या उलट टोकही शास्त्राला मान्य नाही. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी आहे. तीत भूतग्रस्त एका शब्दाने, झटके येणारे दुसऱ्या शब्दाने आणि पक्षाघाती तिसऱ्या शब्दाने सांगितले आहेत. झटके येणाऱ्यांसाठीचा ग्रीक शब्द ‘चंद्राने ग्रासलेले’ अशा अर्थाचा आहे, कारण त्या काळच्या लोकांची तशी समजूत होती. आपण त्याचे भाषांतर फेफरेकरी असे करतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही शुभवर्तमानाच्या लेखकाने प्रत्येक दुखणे भुताच्या खात्यावर घातले नाही. आपण तसे करावे काय?

आणि प्रार्थना असली की औषध नको, असेही शास्त्र शिकवत नाही. हिज्कीयाची प्रार्थना ऐकली गेली, तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (यशया ३८:२१). मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी झोप व भाकर दिली, तीही दोनदा. बोलणे नंतर (१ राजे १९:४-८). पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४).

५. माझ्या घरातली गोष्ट

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असतो तर किती बरे झाले असते. माझ्या मुलाच्या अनुमतीने लिहितो.

भाषांतराच्या कामासाठी आम्ही महाराष्ट्र सोडून के. आर. पुरमला आलो तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. शाळा नवी, भाषा नवी, मित्र कोणी नाही. वर्षभरात तो पार बदलला. रात्र रात्र जागायचा, दुपारपर्यंत उठायचा नाही. रविवारी मी हाक मारली की उशी डोक्यावर ओढून घ्यायचा. एकदा प्रार्थनेच्या वेळी त्याने आपली गिटार भिंतीवर आपटली. मी त्याला उपदेश केला. पाचवी आज्ञा ऐकवली. उपास धरला. पाहुण्यांसमोर त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. आज वाटते, ती देवाला कमी आणि त्याला जास्त ऐकवायची होती. असे आठ महिने गेले.

त्याच काळात आमच्या गटाकडे २ शमुवेलाच्या मसुद्याची तपासणी होती. ‘शालोम’ या शब्दासाठी अठराव्या अध्यायात कोणता मराठी शब्द घ्यावा, ‘कुशल’, ‘खुशाल’ की ‘सुखरूप’, यावर मी दोन दिवस टिपणे काढली. तो तरुण पलीकडच्या खोलीत होता. त्याला मी एकदाही विचारले नाही.

त्याच्या आईने विचारले. एका पहाटे तो तिला म्हणाला, “आई, मी नसतो तर तुम्हांला बरे झाले असते.” त्याच सकाळी ती त्याला रुग्णालयात घेऊन निघाली, मी मागून गेलो. डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहून पहिला प्रश्न केला, “याला हे केव्हापासून होते आहे?” मला उत्तर देता आले नाही. आईला तारखेसकट आले. मार्काचा तो अध्याय मी किती वेळा शिकवला होता! पण त्या खुर्चीत बसेपर्यंत तो मला कळला नव्हता.

उपचार दीड वर्ष चालले. गोळ्या, दर आठवड्याचे बोलणे, काही बैठका आम्हा तिघांच्या. पूर्वीचा मुलगा परत मिळाला असे मी म्हणणार नाही. एक नवा मुलगा मिळाला, जो वडिलांना ‘नाही’ म्हणू शकतो आणि तरी जेवायला शेजारी बसतो. गिटारचे पैसे त्याने नंतर शिकवण्या घेऊन स्वतः भरले. आम्ही मागितले नव्हते.

६. उपचारांची भीती

आपल्या समाजात आजही कोणी जरा वेगळे वागले की “येरवड्याला पाठवा”, “ठाण्याला पाठवा” अशी थट्टा होते. त्यातच ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ (१९७५) यासारख्या चित्रपटांनी विजेच्या झटक्यांचे भयंकर चित्र मनावर कोरले आहे. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे जाणून घ्याव्यात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २०१८ पासून अमलात आला. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करायचे तर पालकाचा अर्ज लागतो आणि दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एका मनोविकारतज्ज्ञाबरोबर दुसऱ्या अधिकृत तज्ज्ञाने वा डॉक्टरने, स्वतंत्र तपासणी करावी लागते. मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहावे लागते. भूल दिल्याशिवाय विजेचा उपचार करण्यास बंदी आहे. अल्पवयीनांवर तर पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज तो करताच येत नाही. रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असेच हा कायदा गृहीत धरतो.

कुटुंबाने सोबत राहण्याची ही रीत आपल्या देशात नवी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ साली बागायम येथे मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले; तेथेही नातलगाने रुग्णासोबत राहण्याची पद्धत रुजली. आमच्या बंगळुरात होसूर रस्त्यावरची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था १९७४ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली; तेथे मुलांसाठी व किशोरांसाठी स्वतंत्र विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. पैसे लागत नाहीत व आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लिहून ठेवावा.

कोणत्या खुणा दिसल्या तर विलंब करू नये? झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली, आवडीच्या गोष्टी सुटलेल्या, मित्र तुटलेले, अभ्यास एकाएकी ढासळलेला, शरीरावर स्वतः केलेल्या जखमा. आणि मरणाचे बोलणे, मग ते थट्टेत का असेना. ते ऐकल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि तोवर मुलाला एकटे सोडू नये. “मरावेसे वाटते का?” असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट ओझे हलके होते.

७. तर पाप की आजार?

त्या गृहस्थांना मी आता असे उत्तर देईन : बंधो, दोन्ही दारे एकमेकांना बंद करणारी नाहीत. मुलाने जे ‘केले’ त्याचा हिशेब आहे. ‘दहावी फ’ मधल्या मुलांनी प्रयोगशाळा उभारलीच पाहिजे. पण त्याला जे ‘झाले’ ते आधी ऐका. यवाबाचा प्रश्न दुसरा आहे, प्रभूचा प्रश्न पहिला आहे. क्रम उलटा केला की घर न्यायालय होते.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात हट्टी व बंडखोर पुत्राविषयी कठोर नियम आहे (२१:१८-२१). त्यातही बापाला एकट्याला अधिकार नाही. आई व बाप दोघांनी मिळून वडीलजनांपुढे यायचे. यहूदी गुरूंच्या परंपरेत तर असे मत नोंदले आहे, की असा पुत्र कधी झाला नाही व होणारही नाही. हा नियम अभ्यासासाठी दिला आहे. आणि आपल्या प्रभूने याच विषयावर सांगितलेल्या दाखल्यात बाप मुलाला नगराच्या वेशीवर नेत नाही, तो स्वतः धावत बाहेर येतो (लूक १५:२०).

मंडळीसाठी तीन सूचना करतो. पहिली, अशा कुटुंबाच्या घरी जेवणाचा डबा जावा. ताप आलेल्याच्या घरी जातो तसाच. दुसरी, मुलाचे नाव जाहीर प्रार्थनेत त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. तिसरी, पाळकांनी प्रार्थना करावी, तैलाभ्यंग करावा, परंतु डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्यास कधीही सांगू नये.

त्या मुलाला बरे केल्यानंतर प्रभूने काय केले ते मार्क विसरला नाही. मुलगा मेल्यासारखा निपचित पडला होता. पुष्कळ जण तो मेलाच असे म्हणत होते. येशूने त्याचा हात धरून त्याला उठवले आणि तो उभा राहिला (९:२६-२७).

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या मुलाने अलीकडे मला ‘दोनदा बोलावणे’ धाडले होते का? ते कोणत्या रूपात होते?
२. दाविदाला संताप आला, पण तो बोलला नाही. आपल्या घरात कोणत्या विषयावर मौन आहे?
३. आपल्या मंडळीत मानसिक आजाराविषयी वाद अधिक होतो की सेवा?
४. या आठवड्यात एकदा, उपदेश न करता, मुलाला विचारा : “कसा आहेस?” उत्तर येईपर्यंत तेथेच बसा. उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू त्या बापाला विचारलेस आणि त्याचे ऐकून घेतलेस. आमच्या लेकरांना आम्ही विचारायला विसरलो, त्याची क्षमा कर. जी मुले आज दार लावून बसली आहेत त्यांच्या जवळ राहा; त्यांच्या डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या हाताला यश दे. आम्हांला उशीर होण्याआधी तोंड उघडण्याचे धैर्य दे. आमच्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाला साहाय्य कर. आमेन.